ठिणगी खाणारी टोपी

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
१२ नोव्हेंबर १९९५

चि. भुजंगराव यांस साहेबरावचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीला येऊन तू आपलं रेडिओवर चालणारं हौशी विमान आमच्या माळवदावर ठेवून गेलास. बंगळूरच्या खोलीत तुझे पायच धड पसरत नाहीत, तिथं आठ फुटी पंख कुठं मावणार, हे मला पटलं. पण ठेवायला दिलेली वस्तू नुसती पाहत बसणारा तुझा दाजी नाही. तुझी अक्का म्हणाली, "लोकाच्या वस्तूला हात लावू नका." मी म्हणालो, साल्याची वस्तू लोकाची कशी?

तर मी हात लावलाय. त्याचं मूळ इंजिन मिथेनॉल आणि एरंडेल पितं. मिथेनॉलसाठी जालन्यात चौकशी केली, तर दुकानदार माझ्याकडे असा पाहू लागला, की जणू मी हातभट्टीच लावणार आहे. मग ते इंजिन काढलं आणि कापसावर फवारणी करायच्या पंपाचं इंजिन तिथं बसवलं. पेट्रोल पितं, आणि पेट्रोल कुठंही मिळतं. हे इंजिन मी डोळे झाकून खोलतो. आमच्या दुकानात हंगामात दुसरं येतंच काय?

अडचण एकच. त्याचं मॅग्नेटचं चाक फार जड आहे. विमान नाकावर बसतं. हे चाक काढून बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावता येतं, असं तू म्हणाला होतास. ते धाडून दे, आणि रेडिओला त्याचा त्रास होऊ नये म्हणून काय करायचं तेही लिही.

पंखांचं कापड उंदरानं कुरतडलं होतं. शेजारच्या ख्वाजामियाँनी शिलाईचं दुकान बंद ठेवून अस्तराचं तलम कापड नव्यानं चढवलं. म्हणाले, "साहेबराव, तुमचं इमान उडो न उडो, कपडा न्हाई फाटनार." त्यांच्या हाताची शिवण आहे, मला काळजी नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्या मैदानावरून विमान उडवणार, असं मी गावाला सांगून बसलोय. तू दिवाळीत शिकवलंस तेवढं मला पुरे आहे. शिवकन्या बारावीचा अभ्यास सोडून मामाचं विमान मामाचं विमान करत असते.

तुझा,
साहेबराव


बंगळूर
५ डिसेंबर १९९५

ती. दाजींना भुजंगचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पंपाचं इंजिन विमानावर चढवायचं आमच्या दुकानात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी इथं दिवसभर हौशी लोकांच्या विमानांचे रेडिओ दुरुस्त करत असतो. मालकांना तुमचं सांगितलं, तर ते हसायचे थांबेनात, आणि मग म्हणाले, माणूस हुशार आहे.

रजिस्टर पार्सलानं सामान पाठवतोय. काळी डबी म्हणजे इग्निशन. तिची स्वतःची चार सेलची बॅटरी आहे. तशीच दुसरी बॅटरी रिसीव्हरची, म्हणजे हातातल्या रेडिओचा हुकूम ऐकणाऱ्या विमानातल्या डबीची. दिसायला दोन्ही सारख्या, पण एकीवरच दोघांना चालवू नये. प्रत्येक ठिणगीला इग्निशन बॅटरीला हिसका देतं, आणि तो हिसका तारेतून सरळ रिसीव्हरपर्यंत जातो. बटणंही वेगळी ठेवावीत. इग्निशनचं सगळं बिऱ्हाड नाकाकडे आणि रिसीव्हरचं पंखामागे, मध्ये हातभर तरी अंतर. दोन्हीकडच्या तारा एकत्र बांधू नयेत. गॅस कमीजास्त करायची लोखंडी सळईसुद्धा नको, तीच एरियलचं काम करते. तिच्यासाठी नायलॉनची नळी पाठवली आहे.

राहिली प्लगची टोपी. तिच्या आत रेझिस्टन्स आहे आणि वायरवर तारेची जाळी चढवली आहे. ठिणगी म्हणजे एक लहानसं रेडिओ स्टेशनच असतं. आपल्या दारावरून लूना गेली की टीव्हीवर रेघा येतात, त्या तिच्याच. ही टोपी आणि जाळी तो गोंगाट आतच कोंडून ठेवतात. ती आहे तशी राहिली तर बरं, असं इथली माणसं म्हणतात. तुम्ही जाणतेच आहात, मी काय सांगणार.

उडवण्याआधी एकच परीक्षा. हातातल्या रेडिओची एरियल मिटवायची आणि चालत मैदानाच्या कडेला जायचं. तिथून शेपूट आणि गॅस बरोबर हलतात का ते पाहायचं. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. इंजिन चालू असताना शेपूट आपोआप थरथरू लागलं, तर त्या दिवशी उडवू नये. बाकी आपली आज्ञा.

आपला,
भुजंग


टेंभुर्णी
८ जानेवारी १९९६

चि. भुजंगराव यांस आशीर्वाद.

सामान पोचलं. एका घरात दोन चुली मांडायला लावल्यास! दोन बॅटऱ्या, दोन बटणं, मध्ये हातभर अंतर. ख्वाजामियाँ म्हणाले, "ह्ये तर आमच्या दोन सुनांवानी झालं, तोंड बी बघू नका एकमेकीचं." पण केलं सगळं तू लिहिलंस तसं. नळीही बसवली.

इंजिननं मात्र चार दिवस घाम फोडला. पहाटेच्या थंडीत काही केल्या पेटेना. पंखा फिरवून फिरवून माझा दंड भरून आला. शेवटी मी माझ्या पद्धतीनं त्याला वळणावर आणलं. आता एका फटक्यात सुरू होतं. काय केलं ते विचारू नकोस. बंगळूरकरांना सगळंच माहीत असतं असं नाही, आमच्याकडेही थोडा हुनर आहे.

परीक्षाही घेतली. इंजिन चालू असताना शेपूट जरा नाचतं, गॅसही मधूनच अंगात आल्यासारखा उचलतो. नवीन सामान आहे, रुळेल. तू काळजी करू नकोस. सरपंचांनी मैदानावर खुर्च्या मांडायला सांगितल्यात, जाफराबादहून जीप भरून माणसं येणार आहेत. तुला सुट्टी नाही, याचंच वाईट वाटतं.

साहेबराव


बंगळूर
१४ जानेवारी १९९६

ती. अक्कास भुजंगचा नमस्कार.

तिळगूळ घे. हे पत्र तुझ्या नावानं मुद्दाम पाठवतोय. दाजी दुकानात असताना वाच.

दाजींचं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. त्यांनी "माझ्या पद्धतीनं" असं लिहिलंय. त्यांची पद्धत मला पाठ आहे. लहानपणी तुमच्याकडे राहिलो तेव्हा रोज पाहिली आहे. लूना येवो की फवारणी पंप, आधी प्लगची रेझिस्टन्सवाली टोपी काढायची, साधी रबरी टोपी लावायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "ती टोपी ठिणगी खाऊन राह्यली व्हती." गाडी खरंच लवकर सुरू होते, गिऱ्हाईक खूश. गाडीला ते चालून जातं, विमानाला चालत नाही. शेपूट नाचतं ते रुळायचं बाकी आहे म्हणून नाही. ठिणगीचा गोंगाट रिसीव्हरच्या कानात शिरतोय.

दाजींना आजच वेगळं पत्र टाकलंय. त्यात "टोपी तीच आहे ना, सहज विचारलं" एवढंच लिहिलं. यापुढं लिहायला माझा हात रेटत नाही. तुझ्या लग्नात ते मांडवातून रुसून गेले होते आणि आईला वेशीपर्यंत धावावं लागलं होतं, ते मी विसरलेलो नाही. आई मला नेहमी सांगायची, "दाजीच्या बोलण्यावर बोलायचं न्हाई. ते रुसले तर तुझ्या अक्काला भोगावं लागंल." तू फक्त एवढं बघ, की जाळीची वायर इंजिनावर आहे का. नसली तर मला लगेच कळव.

तुझा,
भुजंग


टेंभुर्णी
१९ जानेवारी १९९६

चि. भुजंग, अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. यांचं पत्र यांनी जेवताना वाचलं. "आता मला पोरगं टोपी शिकवून राह्यलं" म्हणाले आणि ताट सरकवून उठले. रात्री जेवले नाहीत. सकाळी शिवकन्येनं हात धरून बसवलं तेव्हा चहा घेतला.

मी दुकानात जाऊन आले. जाळीची वायर म्हणजे चांदीच्या गोफासारखी दिसते तीच ना? ती टोपीसकट भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. इंजिनावर साधी काळी टोपी आहे.

मी भीत भीत विचारलं, "भुजंगनं पाठवलेली लावली न्हाई का?" तर म्हणाले, "तू भाकरी कर." भाऊ, मला यातलं काही कळत नाही. तूच काय ते लिही. तुझं ऐकतील न ऐकतील, पण मी बोलले तर नक्कीच ऐकणार नाहीत.

तुझी,
अक्का


बंगळूर
२४ जानेवारी १९९६

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. हातात घेऊनच तार ऑफिसात गेलो होतो. फॉर्म भरला, "टोपी बदला, उडवू नका" असं लिहिलं, आणि खिडकीपाशी जाऊन परत फिरलो. तार आली की आपलं गाव गोळा होतं. पोस्टमन चौकात उभा राहून मोठ्यानं वाचेल. ज्या माणसासाठी सरपंचांनी खुर्च्या मांडल्यात, त्याला त्याचा साला तारेनं शहाणपण शिकवतोय, हे सगळं गाव ऐकेल. दाजी मला जन्मभर माफ करणार नाहीत, आणि तुझं काय होईल ते मी बोलत नाही.

म्हणून पत्रच टाकतोय. सव्वीसच्या आत पोचलं तर कसंही करून ती खिळ्यावरची वायर इंजिनावर चढवायला सांग. शिवकन्येकडून सांग, तिचं ते ऐकतात. तेही नाही जमलं तर निदान एवढं कर, इंजिन चालू असताना कुणालाही विमानाच्या पुढं जाऊ देऊ नकोस. फार तर विमान पडेल, मोडेल. मोडलं तर मोडू दे, दुसरं करता येतं.

भुजंग


टेंभुर्णी
३१ जानेवारी १९९६

चि. भुजंग,

तुझं पत्र आज आलं. पाच दिवस आधी यायला पाहिजे होतं.

सव्वीसला सगळं गाव मैदानावर होतं. झेंडा झाला, भाषणं झाली. यांनी विमानाच्या शेपटीला दोरी बांधून ती वासराच्या खुंटीला अडकवली आणि रेडिओ गळ्यात घालून लांब उभे राहिले. इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ख्वाजामियाँ चोक ढकलायला पुढं वाकले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, रोज करत होते तेच करत होते. यांनी रेडिओला हातसुद्धा लावला नव्हता. गॅस आपोआप उचलला, भोकाड पसरल्यासारखा आवाज झाला, खुंटी मातीतून उपटली आणि विमान त्यांच्या अंगावर गेलं.

उजवा हात, भुजंग. अंगठा गेला आणि शेजारची दोन बोटं. औरंगाबादला नेलं, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, अंगठा जोडता येणार नाही. त्यांच्या अजीजुन्निसाभाभी दवाखान्याच्या पायरीवर बसून मला एकच विचारत होत्या, "कैंची कशी धरंल आता?"

हे सगळ्यांना सांगताहेत, बंगळूरच्या रेडिओनं दगा दिला. मी गप्प बसले. तुझी पत्रं चुलीत घातली, यांच्या हाती लागली असती तर आगीत तेल पडलं असतं. मनात सारखं येतं, त्या दिवशी भाकरी टाकून दुकानात गेले असते आणि ती वायर स्वतः चढवली असती तर. पण मला कुठं चढवता येते?

तू आता काही लिहू नकोस. झाल्या गोष्टीवर माती टाक.

अक्का


टेंभुर्णी
२० फेब्रुवारी १९९६

भुजंग,

तुझ्या रेडिओनं माझ्या मित्राचा हात नेला. मी बटणाला बोट लावलं नव्हतं, हे सगळ्या गावानं पाहिलंय. असलं सामान आमच्या घरी ठेवताना तुला काही वाटायला पाहिजे होतं. मी ते विमान मोडून जाळलंय. रेडिओ पार्सलानं परत धाडतोय.

ख्वाजा लहानपणापासून माझ्या शेजारी बसतो. आता रोज तो हात माझ्यासमोर असतो. तू इकडं येऊ नकोस. तुझ्या अक्काला भेटायचं तर ती येईल तिकडं.

साहेबराव


बंगळूर
४ मार्च १९९६

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

रेडिओ माझा होता, म्हणून दोषही माझाच. ख्वाजामियाँची मी हात जोडून क्षमा मागतो, तेवढं त्यांच्या कानावर घालावं. तुम्ही ये म्हणाल तेव्हा येईन. नाही म्हणाल तर येणार नाही. शिवकन्येला आशीर्वाद.

आपला,
भुजंग


टेंभुर्णी
११ मे १९९८

चि. भुजंग, आशीर्वाद.

शिवकन्येचं लग्न परवा झालं. मुलगा बदनापूरचा आहे, रेल्वेत नोकरीला लागलाय. माणसं साधी आहेत.

पत्रिकेत मामाचं नाव घालू द्या म्हणून मी सहा महिने पाया पडले. शिवकन्या रडली. यांनी कुणाचं ऐकलं नाही. दोन वर्षांपूर्वीचं तुझं पत्र काढून दाखवलं, "त्यानंच कबूल केलंय, मी कुठं आळ घेतला?" म्हणाले. ते पत्र तू का लिहिलंस रे? तू गप्प राहिला असतास तरी चाललं असतं. कबूल केलंस तिथं माझं तोंड बंद झालं.

भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग हे उठले आणि ख्वाजामियाँचा तो हात धरून त्यांना शिवकन्येच्या मागे नेऊन उभं केलं. ख्वाजामियाँ म्हणत होते, "साहेबराव, ही जागा भुजंगची हाय. त्याला बोलवा, मी थांबवतो लगीन." ते हुंदके देत होते आणि वऱ्हाडी मंडळींना वाटलं, पोरीच्या मायेनं रडताहेत. मंगलाष्टकं होईपर्यंत ते तिच्या मागे उभे होते. मी अंतरपाटाकडे पाहिलंच नाही.

तू पाठवलेला शालू मी तिला आतल्या खोलीत नेसवला. यांना बाजारातून आणला म्हणून सांगितलं.

अक्का


टेंभुर्णी
२० सप्टेंबर १९९८

चि. भुजंग,

एक गोष्ट सांगायची आहे. मला ती पोटात ठेवता येईना.

ख्वाजामियाँना कैंची धरता येत नाही, मशीन विकलं. आता दिवसभर आमच्या दुकानात बसतात, गिऱ्हाइकाला नट-बोल्ट देतात. त्यांचा वेळ जावा म्हणून यांनी दुकानात टीव्ही आणलाय. परवा मॅच चालली होती आणि हे फवारणी पंप दुरुस्त करत होते. पंप चालू केला की टीव्हीवर नुसत्या रेघा आणि खरखर. बंद केला की चित्र स्वच्छ. चार वेळा झालं. ख्वाजामियाँ म्हणाले, "साहेबराव, तुमचं मशीन लागलं की आमचा बॅट्समन गायब होऊन राह्यला. कायतरी करा बरं जल्दी."

यांनी पंपाच्या टोपीकडं पाहिलं. मग भिंतीकडं. खिळ्यावरची ती जाळीची वायर काढून पंपाला लावली आणि दोरी ओढली. पंप धडधडत होता आणि टीव्हीवर एक रेघ नव्हती. ख्वाजामियाँनी टाळी वाजवायला हात उचलले, त्यांची टाळी कशी वाजते ते तुला कुठं माहीत आहे! हे त्या वायरीकडंच पाहत राहिले. पंप चालूच होता. मीच जाऊन बंद केला.

तेव्हापासून बोलत नाहीत. जेवतात, दुकानात जातात, परत येतात. एकदा रात्री पाणी मागितलं आणि म्हणाले, "त्यानं विचारलं व्हतं." एवढंच. मी "काय?" म्हणाले तर तोंड फिरवलं.

हे तुला लिहिणार नाहीत. दाजी साल्यापुढं कसा वाकणार? तूच समजून घे, आणि एखादं गोड पत्र लिही.

अक्का


बंगळूर
२ ऑक्टोबर १९९८

दाजी,

अक्का म्हणते, गोड पत्र लिही. मी फार गोड पत्रं लिहिली तुम्हाला. आता नाही.

टोपी तुम्ही बदललीत. तुमचं आठ जानेवारीचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी ते ओळखलं होतं. शेपूट नाचतं असं तुम्हीच लिहिलं होतं, आणि नाचलं तर उडवू नका असं मी त्याआधी लिहिलं होतं. मी "सहज विचारलं" म्हणालो. सहज कसलं? मला ठाऊक होतं. पण तुमचा मान राहिला पाहिजे, तुम्ही रुसता कामा नये, अक्काला बोल लागता कामा नये. सगळ्यांना जपत बसलो आणि ज्याचा यात काही संबंध नव्हता त्याचा हात गेला.

मग तुम्ही मला दोष दिलात, तो मी घेतला. वाटलं, तुमचा राग निवेल, एक-दोन वर्षांत बोलवाल. तुम्ही बोलावलं नाही. मला एकच भाची आहे, दाजी. तिचं लग्न एकदाच झालं. तिच्या मागे उभं राहायचं होतं मला. ते आता कुणाच्या माफीनं परत येणार नाही. तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. मला राग येतो तुमचा. तुमच्या घरात वाढलो, तुमच्या ताटात जेवलो, आणि तरी येतो.

मला पत्र लिहू नका हवं तर. पण ख्वाजामियाँना खरं सांगा. त्यांना अडीच वर्षं माहीत नाही, की त्यांच्या हाताचं काय झालं. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी सांगा.

भुजंग


टेंभुर्णी
२५ ऑक्टोबर १९९८

भुजंग,

तुझं पत्र नंदानं, तुझ्या अक्कानं, मला वाचून दाखवलं. मी ते तिला पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तिला वाचता येईना, मग मीच वाचलं.

ख्वाजाला सांगितलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, टीव्ही बंद केला आणि सांगितलं. मला वाटलं होतं तो उठून जाईल. तो म्हणाला, "मला तवाच वाटलं व्हतं साहेबराव, की इंजिनातच काही केलंय तुम्ही. पर तुम्ही येवढ्या जोरात रेडिओला शिव्या देऊन राह्यले व्हते, मी म्हटलं, जाऊ द्या. दोस्त हाय, कशाला दुखवा." मग त्यानं मला घरी जेवायला नेलं. भाभींनी वाढलं.

म्हणजे नंदाला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि ख्वाजालाही मनातून माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना. माझ्या रागाला तुम्ही सगळे एवढे भीत होतात, हे मला या वयात कळलं. मी त्याला मान समजत होतो.

दिवाळी झाली. पुढच्या वर्षी ये असं लिहिणार होतो, पण कोणत्या तोंडानं? तू यावंस असं वाटतं. शिवकन्याही येईल. लग्नात तिच्या अंगावरचा शालू तुझा, ते मला आधीच कळलं होतं, बाजारात तसा मिळत नाही. मी बोललो नाही. मलाही गप्प बसता येतं म्हणायचं.

पण असं पत्र तू तेव्हा लिहायला पाहिजे होतंस, भुजंग. मी ते फाडून टाकलं असतं. नंदाला वाट्टेल ते बोललो असतो. दोन महिने तुझं नाव काढू दिलं नसतं, शिमग्यापर्यंत रुसून बसलो असतो. आणि ख्वाजा आज त्याच्या मशीनवर बसलेला असता.

साहेबराव